त्रिशलावैनी, सायकल आणि बावीस मिनिटं

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्रिशलावैनी सायकलवरनं चालली तर कुणी मान वर करून बघत नाही. तीस वर्षं तेच चाललंय. सकाळी हँडलला दुधाची किटली अडकवून दूध संस्थेत, दुपारी क्यारेजला वैरणीचा भारा बांधून शेतातनं घरी. भारा एवढा, की मागनं बघणाऱ्याला बाई दिसायचीच नाही. नुसती वैरण रस्त्यानं चाललेली दिसायची. वय छप्पन्न. सायकल काळी, जुनी, बिनगिअरची.

वैनीचा दुसरा नेम म्हणजे दिवस बुडाला की तोंडात घास नाही. घर जैनाचं, त्यामुळं त्यात नवल काही नाही. पण पुष्कळ घरांत पाव्हणं आलं, गाडी चुकली, लग्नात उशीर झाला, असं करत नेम थोडा सैल होतो. वैनीचा झाला नाही. आणि त्यासाठी ती घड्याळ बघत नव्हती. गल्लीच्या तोंडाला मशीद आहे, तिला लागून मीरासाबचं सायकलचं दुकान. संध्याकाळची बांग व्हायच्या आत वैनीचं ताट घासून पालथं पडलेलं असायचं. रोज्याच्या महिन्यात मीरासाब पुढ्यात खजुराची वाटी घेऊन दुकानात बसायचा आणि वैनी हात धुवायला अंगणात आली की म्हणायचा,

"वैनी, तुमचं उरकलं म्हंजे आता आमचं सुरू."

"हळू खावा. दिवसभराचं एकदम कोंबू नगा," वैनी म्हणायची.

वैनीचा पोरगा अनेकांत राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो. तो आणि त्याची बायको आदिती, दोघंही सायकलवेडी. गिअरच्या सायकली घेऊन रविवारी पन्हाळा, जोतिबा करायची. त्यांनी ठरवलं, डिसेंबरात ह्या समुद्रापासनं त्या समुद्रापर्यंत जायचं. रत्नागिरीतनं निघायचं ते आंध्रात मछलीपट्टणला थांबायचं. हजार किलोमीटर, बारा दिवस. हे ऐकून वैनीचे मालक, म्हणजे अनेकांतचे वडील तात्यासो, कारखान्यातनं रिटायर झालेले, म्हणाले, "मी बी येतो."

वैनी तांदूळ निवडत होती. "मग मी काय हितं एकटी म्हशी राखत बसू? मी बी येतो." आमच्याकडं बाया बी येतो-जातोच म्हणतात, कुणी शुद्ध करायला यायचं कारण नाही.

अनेकांतला ते पटेना. त्याचंही खरं होतं. मागच्या पर्युषणात वैनी उपवासात वैरणीला गेलती आणि चक्कर येऊन बांधावर आडवी झालती.

"आई, तिथं हायवे हाय. ट्रक असत्यात. उपाशीपोटी सायकल चालवून पडलीस तर काय करू? एक दिवस जरी तू न जेवता झोपलीस, तर सकाळी तात्यास्नी घिऊन एस्टीनं माघारी यायचं. कबूल?"

"कबूल. पर दिवस बुडायच्या आत जेवाय घालायची जबाबदारी तुजी."

"कबूल."

अनेकांत पडला गणिताचा मास्तर. त्यानं एका कागदावर बारा दिवसांचा तक्ता केला. मुक्काम कुठं, किलोमीटर किती, आणि दिनदर्शिकेतनं बघून रोजचा सूर्यास्त. वर प्लास्टिक चढवून आणलं. मग तो आईची सायकल घेऊन मीरासाबकडं गेला आणि म्हणाला, स्टँड आणि क्यारेज काढा, वजन कमी होईल.

मीरासाब म्हणाला, "बाबा, हिच्यावर वैनी रोज दोन म्हशींचं पोट वाहत्यात. तुजं दोन किलोचं स्टँड त्यास्नी काय जड?" त्यानं टायर नवे घातले, चेन बदलली, चाकाच्या आऱ्या आवळल्या आणि स्टँडला तेल सोडून सायकल तशीच वैनीच्या हातात दिली.

रत्नागिरीत सूर्य समुद्रात बुडताना चौघांनी पुढची चाकं पाण्यात भिजवली. वैनीचं जेवण त्याआधीच झालं होतं. दुसऱ्या दिवशी आंबा घाट लागला. तिथं बिनगिअरच्या सायकलवर बसून चढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. वैनी खाली उतरली, पदर खोचला आणि ढकलायला लागली. थांबली नाही, की घाईही केली नाही. अनेकांत वळणावळणाला फोटो काढत थांबायचा, आदिती पाणी प्यायला थांबायची. वर शाहूवाडीच्या हद्दीत पोचून बघतात तर वैनी सायकल स्टँडला लावून बाटलीच्या तोंडाला फडकं धरून पाणी गाळत बसलेली.

"आत्ती, तुम्ही दमत न्हाईसा?" आदितीनं विचारलं.

"दमतो की. थांबत न्हाय."

पुढं कोल्हापूर, मिरज, सोलापूर, नळदुर्ग. हुमनाबादला वैनीनं हॉटेलवाल्याशी कानडीत बोलून बिनकांद्याची आमटी करून घेतली. एका ठिकाणी तर हॉटेलच्या चुलीजवळ जाऊन स्वतःच फोडणी घातली. रोज पाचाच्या सुमाराला मुक्काम, साडेपाचला जेवण, तक्त्यात सूर्यास्त सहाच्या पुढं. हैदराबाद मागं पडलं तसं वैनी एकदा तात्यासोंना म्हणाली, "आता समुद्र बघितल्याबिगर माघारी फिरायचं न्हाय. आन तो गाडीत बसून न्हाय बघायचा, हिच्यावर बसून." आणि हँडलवर थाप मारली.

नवव्या दिवशी सगळं आडवं आलं. समोरनं वारं, आभाळ दिवसभर भरलेलं, आदितीची सायकल दोनदा पंक्चर. सूर्यापेटच्या अलीकडं वीस किलोमीटरवर एका खेड्यात पोचायला पाच पस्तीस झाले. हॉटेलवाल्यानं दहीभात आणि साधं वरण वाढलं. वैनीनं हात धुतले, कागद बघितला. सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटं. भरपूर वेळ होता. तिनं पहिला घास कालवून उचलला आणि तेवढ्यात मागच्या गल्लीतनं बांग झाली.

वैनीनं घास ताटात ठेवला.

"आई, जेव की," अनेकांत म्हणाला. "पाच बेचाळीस झाल्यात. अजून बावीस मिनटं हायत."

"बांग झाली."

"त्यांचं घड्याळ पुढं असंल."

"बांग घड्याळावर हुत न्हाय, सूर्यावर हुती. तीस वर्सं ऐकतोय मी."

ढगामुळं सूर्य बघायची सोय नव्हती. तात्यासोंनी मीरासाबला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मीरासाब, तिकडं बांग झाली काय?"

"न्हाय अजून. वीसेक मिनटं हायत. का? तिकडं पळवून नेली काय कुणी?"

अनेकांतनं तक्ता परत हातात घेतला. गणिताचा मास्तर, पोरांना शाळेतला भूगोलही शिकवू शकला असता, आणि नऊ दिवस पूर्वेकडं पायडल मारताना त्याच्या डोक्यात आलं नव्हतं की सूर्य आधी तिकडं उगवतो नि तिकडंच आधी मावळतो. कोल्हापूरचा सूर्यास्त प्लास्टिकमध्ये घालून तो तेलंगणात फिरत होता.

"आता एक दिवस खाल्लंस तर काय हुतंय? चूक माझी हाय," तो म्हणाला.

"चूक तुजी, पर नेम माजा हाय." वैनीनं ताट तात्यासोंच्या पुढं सरकवलं. "खावा, फुकट घालवू नगा."

ती तशीच झोपली.

सकाळी तांबडं फुटलं तेव्हा वैनीची पिशवी क्यारेजला बांधून झालेली होती. साडेसहाच्या पुढं सूर्य वर आला. खेड्याच्या नाक्यावर इडलीवाली बसली होती. वैनीनं चार इडल्या खाल्ल्या, तात्यासोंना खायला लावल्या, पोरांच्या दारावर थाप मारून सांगितलं, "आमी सूर्यापेटच्या एस्टी स्टँडवर हाय," आणि दोघं निघाली. पोरं तक्त्याप्रमाणं उठली, आवरून निघायला त्यांना सव्वासात झाले.

अनेकांत स्टँडवर पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. वैनीची सायकल स्टँडला लावून ताठ उभी. वैनी कंडक्टरला खुणेनं विचारत होती, सायकल टपावर घेणार का.

"कधी आलीस?" अनेकांत धापा टाकत होता.

"झाली पंधरा मिनटं. हैदराबादची गाडी साडेआठला हाय. टपावर सायकल चढवाय माणूस लागंल, तू आलासच."

"आई, ऱ्हाऊ दे ते."

"का? मी कबूल म्हटलोय. शब्द हाय माजा."

आदिती सायकलवरनं उतरली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अहो, शब्द दोन होते. आत्ती उपाशी झोपायच्या न्हाईत, आन दिवस बुडायच्या आत तुम्ही जेवाय घालायचं. आधी तुमचा मोडला. एस्टीत तुम्ही बसा."

तात्यासो म्हणाले, "त्याची सायकल हलकी बी हाय. टपावर चढवाय बरी."

वैनी हसली नाही. पोरीचं बोलणं तिला बरोबर वाटलं असावं, कारण तिनं कंडक्टरला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि अनेकांतपुढं हात केला.

"कागद आण हिकडं. पेन बी."

प्लास्टिक फाडून तिनं सूर्यास्ताच्या ओळीवर काट मारली. "हिकडं दिवस लवकर बुडतोय, तसा उगवतोय बी लवकर. सकाळचा उजेड तुमी हातरुणात घालवतायसा, आन संध्याकाळी पळापळ. आजपास्नं सूर्य वर आला की खायचं आन निघायचं. चारला थांबायचं, पाचच्या आत ताट. आन म्होरं मी."

तीन दिवस वैनी पुढं होती. सकाळचं वारं पडलेलं असायचं. वारं उठायच्या आत निम्मी वाट संपायची. अनेकांत मागनं बघायचा. गिअर बदलायचा नाही, उठून पायडल मारायचं नाही. वैरण आणायला चालल्यासारखी बाई विजयवाड्यातनं बाहेर पडली.

मछलीपट्टणला बाराव्या दिवशी मंडळी तीन वाजताच पोचली. वैनी वेळेत जेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे चौघं किनाऱ्यावर गेली. रत्नागिरीत पाण्यात बुडलेला सूर्य इथं पाण्यातनं वर आला. वैनीनं पुढचं चाक भिजवलं, स्टँड वाळूत रुतायला लागलं म्हणून सायकल हातानंच धरून उभी राहिली. अनेकांतनं मीरासाबला फोन लावून आईच्या हातात दिला.

"मीरासाब, हिकडं उगवला."

"हिकडं अजून न्हाय. झोपू द्या की. स्टँड ठीक हाय न्हवं?"

"ठीक हाय."

तो कागद आता वैनीच्या घरात भिंतीला आहे. शेवटच्या तीन दिवसांपुढं पेनानं तिनं खरा सूर्यास्त लिहिलाय. गेल्या महिन्यात गावातनं दोन बसा पार पूर्वेकडं शिखरजीच्या यात्रेला गेल्या. जेवणाची व्यवस्था यात्रेचं बघणाऱ्या बाळासोंकडं होती. ते अगोदर वैनीच्या दारात आले. आमच्या गावात आजवर असल्या गोष्टी बाप्ये माणसंच एकमेकांना विचारत आलेत, म्हणून सांगतो.

"वैनी, तिकडं ताटं कधी मांडावी?"

वैनी किटली धूत होती. "आमी गेलतो त्याच्या बी म्होरं हाय ते. सव्वाचारला मांडा." मग गल्लीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आन नुसत्या कागदावर जाऊ नगा. कान उघडं ठिवा, बांग ऐका."