तंबूतला वन्समोअर

आमच्या झाडीपट्टीत मेलेला माणूस उठतो. नाटकातला नायक गाणं म्हणत मरतो, मंडपातून ‘वन्समोअर’ येतो, की हा धोतर झटकून उभा, पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माझा दोस्त असं मरण्यात पटाईत होता. त्याची आई, जिला मी काकी म्हणायचो, पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने ओरडायची.

नट व्हायचं म्हणून आम्ही दोघं मुंबईला पळालो. तिथं आमच्यासारख्याच उपाशी पोरांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर एक सिनेमा काढला, शहरात नशीब आजमावायला आलेल्या दोस्तांचा. म्हणजे आमचाच. माझा दोस्त त्यात फुटपाथवर खोकून मरतो. खोकला खरा होता. सिनेमा लागला, चार टाळकी आली, सिनेमा उतरला. थोड्याच दिवसांत दोस्तही गेला. त्याला तिथंच जाळून मी एकटा गावी, वडशाला परतलो आणि काकीला सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि धान पाखडत राहिली. मला तिचा रागच आला.

पुढे मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत एका तंबूवाल्याने कुणालाच नको असलेला तो सिनेमा आमच्याकडे आणला. काकीने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. “बापू, मले घेऊन चाल,” म्हणाली. मला जायचं नव्हतं, पण नाही कसं म्हणणार?

पडद्यावर दोस्त मेला. तंबूतली माणसं आमचीच, सवयीने ओरडली, “वन्समोअर!” काकी तर उभीच राहिली. मशीन चालूच. पडद्यावर उरलेले दोस्त चहा प्यायला लागले. लोक हसून गप्प झाले, काकी बसेना.

“बस ना बाई, दिसून नाई राह्यलं,” मागून कुणी म्हणालं.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. मशीनवाल्याचा, मुंबईचा, सगळ्यांचा संताप आला होता मला.

“काऊन नाई उठला?” तिने विचारलं.

“काकी, मी तं तुले सांगतलं होतं.”

“सांगतलं होतं. पण तो तं दरसाल मरे, बापू.”

मग तंबूच्या खुंटीपाशी ती मातीत बसली आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा रडली.