छत्रीखाली दिसलेला गरुड

अलमेलू वांगी दाबून बघते. नारळ कानाशी धरून हलवते. साडी दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात धरते. कॅमेराही तिने असाच घेतला.

एग्मोरच्या रेल्वे कचेरीतून ती निवृत्त झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई काशीला जाणार. तिने जावयाला फोन लावला.

"मापिळ्ळै, मज कॅमेरा घ्यायचा आहे. तुम्ही येता काय?"

मापिळ्ळै म्हणजे जावईबापू. जावई अद्वय पुण्याचा, पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरीला. तंजावरी मराठी बोलणाऱ्या या घरात तो पडला आणि हळूहळू रुळला. तो आला तो गळ्यात स्वतःचा डीएसएलआर अडकवूनच.

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक अद्वयच्या कॅमेऱ्यासारखाच, शिकाऊ लोक घेतात तो डीएसएलआर. दुसरा आखूड अंगाचा, पण बटण दाबलं की नळी पुढे पुढे येतच राहणारा सुपरझूम.

"आई, हा घ्या," अद्वयने डीएसएलआर पुढे सरकवला. "याचा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा. त्या दुसऱ्याचा नखाएवढा. अंधारात उभासुद्धा राहणार नाही तो. शिवाय याची लेन्स बदलता येते."

"मज बदलायची नाही."

"आज नाही. उद्या वाटेल ना."

"मापिळ्ळै, नवरासुद्धा एकच केला मी."

दुकानदाराला मराठी येत नव्हती. तरी तो हसला.

अलमेलूने दोन्ही कॅमेरे दाराशी आणले. रस्त्याच्या पार टोकाला, पुलापलीकडे, दागिन्यांची एक जाहिरात होती. दोन्हींतून तिने त्या जाहिरातीचा फोटो काढला. डीएसएलआरचा फोटो मोठा करून पाहिला तर त्यातली अक्षरं कोलमच्या रांगोळीवरून कुणी पाय घासत गेल्यासारखी विस्कटलेली. सुपरझूममध्ये मात्र जाहिरातीतल्या बाईच्या नथीतला मोती दिसला.

"हा," ती म्हणाली.

"अहो, पण रंग बघा! चेहरा बघा! हे खेळणं आहे, आई."

"मज लांबचं बघायचं आहे," अलमेलू म्हणाली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही.

कारण घरी होतं. तिचे वडील, अनंतराव.

नवरा शेषाद्री गेल्यानंतर अलमेलू अड्यारला वडिलांकडे राहायला आली. दुसऱ्या मजल्यावरचं घर. बाल्कनीतून दोन इमारतींच्या फटीत, पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, पेरुमाळच्या देवळाचं गोपुर अंगठ्याएवढं दिसतं. त्या देवळाचा कुंभाभिषेक या वर्षी होता. बारा वर्षांनी येतो तो. पुरोहित बांबूच्या परांचीवरून गोपुराच्या माथ्यावर चढतात आणि मंतरलेल्या पाण्याचे कुंभ घेऊन कळसांपाशी उभे राहतात. खाली माणसांचा समुद्र. सगळे आभाळाकडे बघतात. गरुड आला पाहिजे. गरुड म्हणजे तांबूस पंखांची, पांढऱ्या मानेची घार. ती घिरट्या घालताना दिसली की देव आला म्हणायचं. मग पाणी ओतायचं.

वडिलांच्या खांद्यावर बसायच्या वयापासून अनंतरावांनी हा गरुड कधी चुकवला नव्हता. आता गुडघे गेले होते. त्याहून वाईट म्हणजे डोळे गेले होते. हातभर अंतरावरचं दिसायचं, त्यापलीकडे नुसतं धुकं.

"माइक ऐकतो की मी," ते म्हणाले. "पुरे तेवढं. गरुडाला काय माझी हजेरी लागते?"

म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. अलमेलूला तेवढं पुरे वाटलं नाही. गरुड हातभर अंतरावर आणला तरच अप्पांना दिसणार होता. तिला तो आणायचा होता.

मग सराव सुरू झाला. टाकीवरचे कावळे. मीनंबाक्कमला उतरणारी विमानं. समोरच्या गच्चीवर पापड वाळवणारी शेजारीण हरिणी. ती एकदा ओरडलीसुद्धा, "अलमेलू अक्का, माझे पापड मोजता काय!" पूर्ण झूम केला की श्वासानेही चित्र थरथरायचं. कावळा उडाला की पडद्यावर नुसतं निळं राहायचं. मग ती कॅमेऱ्याला तीन पायांचं तिकाटणं घेऊन आली. झूम क्षणभर मागे नेऊन भोवतालचं आभाळ दाखवणारं एक बटण तिला सापडलं. ते दाबायचं, हरवलेला कावळा हुडकायचा, सोडायचं. झोपेतसुद्धा तिचा अंगठा हलायचा, असं तिची मुलगी रंजनी सांगते.

कुंभाभिषेकाच्या आदल्या संध्याकाळी अलमेलू, रंजनी आणि अद्वय देवळाच्या यज्ञशाळेत गेले. ताडपत्रीचा मांडव, आत होमकुंडं आणि समया. अद्वयने फोटो काढले. ज्वाळांच्या उजेडात पुरोहितांचे चेहरे तांब्यासारखे उजळले होते, घामाचा थेंबन् थेंब दिसत होता. अलमेलूनेही काढले. तिच्या फोटोत रवा सांडल्यासारखे नुसते दाणे दाणे उमटले होते.

अद्वयने वाकून पाहिलं. "आई, उपमा झाला."

रंजनीने त्याला कोपर मारलं. अलमेलू हसली, पण तिने तो फोटो पुसून टाकला. नखाएवढा सेन्सर. याच्या भरवशावर अप्पांना उद्या बाल्कनीत आणून बसवायचं होतं.

"मी सांगू का?" अद्वय आता मऊपणाने म्हणाला. "मी पहाटेच गोपुराच्या पायथ्याशी जागा धरतो. तिथून व्हिडिओ कॉल लावतो. अप्पांना फोनवर दाखवू. तुम्ही उगाच ताण घेऊ नका."

"लावा," ती म्हणाली. "माझा कॅमेराही तिकाटण्यावर राहू दे."

सकाळी रंजनी आणि अलमेलूने अप्पांना खुर्चीसकट बाल्कनीत आणलं. ऊन पडद्यावर पडून काहीच दिसेना, म्हणून रंजनीने शेषाद्रीची जुनी काळी छत्री उघडून दोघांच्या डोक्यावर धरली. फोन लागला. त्यात अद्वयची हनुवटी दिसली, मग कुणाचा तरी टॉवेल, मग गोल गोल फिरणारं चक्र. त्या गर्दीत प्रत्येकाच्या हातात फोन होता. कॉल तुटला तो पुन्हा लागलाच नाही.

"दिसला काय?" अप्पांनी विचारलं.

"अजून नाही."

अलमेलूने कळस पडद्यावर घेतले. सोन्याचे, हळदीची बोटं ओढलेले. पुरोहित कुंभ सावरून उभे. त्यांच्या शेजारी देवस्थानचे कार्यवाह गुरुमूर्ती मान उंच करून आभाळ बघत होते. आभाळ रिकामं होतं. माइकवरचे मंत्र संपले. पुन्हा सुरू झाले. लोक कळसांवरच्या आभाळाकडे टक लावून होते. मुहूर्त पुढे चालला होता आणि गच्च्यागच्च्यांवर कुजबूज सुरू झाली.

"दिसला काय, अलमेलू?"

"नाही, अप्पा."

तिने झूम मागे घेतला. सगळे बघत होते तिकडे बघण्यात अर्थ नव्हता. तिकडे असता तर त्यांना दिसलाच असता. तिने कॅमेरा नदीच्या बाजूला वळवला, लोकांच्या पाठीमागे. झाडांच्या वर एक ठिपका होता. चिमणी, कावळा, पतंग, काहीही असेल. तिने बटण दाबलं. नळी पुढे गेली. पडद्यावर धूसर काहीतरी फुगलं, विरलं, पुन्हा फुगलं. मग एकदम लखलखीत झालं.

तांबूस पंख. टोकं काळी.

निसटला. निळं, नुसतं निळं. अंगठ्याने झूम मागे नेणारं ते बटण शोधून दाबलं. तो कोपऱ्यात होता. तिने श्वास धरला, कॅमेरा तसूभर फिरवला आणि बटण सोडलं. पंख पडद्यावर परत आले. तिने व्हिडिओ सुरू केला आणि ती त्यांच्याबरोबर वळत राहिली. हाताला सगळं माहीत होतं. कावळ्यांनी शिकवलं होतं.

"अप्पा, वाका."

अप्पा वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके वाकले.

"मान," ते पुटपुटले. "पांढरी मान."

आणि मग त्या वाळक्या छातीतून आवाज निघाला. असा आवाज त्या घरात कुणी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

"गरुडन्! गरुडन् वंदाच्चु! आला! नदीकडून आला!"

समोरच्या गच्चीवर हरिणीने मान वळवली. तिने पाहिलं आणि ती ओरडली. तिच्या पलीकडच्या गच्चीवरून कुणी ओरडलं. हाक गच्च्यांवरून धावत सुटली, वळणं घेत, रस्ते ओलांडत. ती देवळापाशी पोचली तेव्हा हजारो माणसं एकदम पाठमोरी झाली. सगळ्यांनी नदीकडे पाहिलं. मग जो गजर उठला त्याने छत्रीच्या काड्या थरथरल्या.

घार संथपणे त्यांच्या डोक्यांवरून गेली आणि कळसांभोवती वळली. अलमेलूने तिला सोडलं नाही. घारीच्या मागे मागे कळस पडद्यावर आले आणि पाणी ओतलं गेलं. झारीतून नव्हे, घागरींतून, धबाधबा, सोन्यावरून खाली.

"पाणी," अप्पा म्हणाले. "थेंब दिसतात गे. ते बघ, गुरुमूर्तीचं उपरणं बांबूत अडकलंय! ओढतो आहे मूर्ख! फाडणार!"

ते हसत होते. हसताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडद्यावर पडलं आणि अलमेलूने ते पदराने टिपलं, कारण घार अजून फिरत होती आणि त्यांना ती बघायची होती.

अद्वय परतला तो नखशिखांत भिजलेला. अभिषेकानंतर देवस्थानाने मोठ्या नळ्यांनी तीर्थ शिंपडलं होतं आणि पायथ्याशी उभ्या असलेल्यांना सगळ्यात जास्त पुण्य मिळालं होतं. कॅमेरा त्याने शर्टाच्या आत धरला होता.

"काही दिसलं नाही," तो म्हणाला. "खालून नुसते गोपुराच्या पहिल्या मजल्यावरच्या द्वारपालांच्या मूर्तींचे पाय. कळस दिसतच नाहीत तिथून! आई, मी इतका जवळ गेलो की—"

"उपमा खाणार काय?" अलमेलूने विचारलं. "गरम आहे."

अद्वय खाली बसला आणि पोट धरून हसला.

मग त्याने आपला एक फोटो दाखवला. गर्दी वळली त्या क्षणाचा. सावलीतले शेकडो चेहरे, तोंडं उघडी, हात जोडलेले, सगळे एकाच दिशेला. एका म्हातारीच्या गालावरची सुरकुतीन् सुरकुती. असा फोटो अलमेलूच्या कॅमेऱ्यातून निघाला नसता. तिने तो खूप वेळ पाहिला.

"हे कुणाकडे बघतात माहीत आहे?" ती म्हणाली. "तुमच्या आजेसासऱ्यांनी सांगितलं तिकडे."

तोवर जिन्यावर पावलं वाजू लागली होती. हरिणी आली, खालच्या मजल्यावरचे आले, पाठोपाठ फाटक्या उपरण्यातले गुरुमूर्ती प्रसादाचं ताट घेऊन आले. अलमेलूने टिपलेला गरुड सगळ्यांना बघायचा होता. अनंतराव कॅमेरा मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसले होते.

"लेकीचा आहे," ते दरडावत म्हणाले. "आधी हात धुऊन या. मग एकेक जण वाका."