पुढच्या रांगेला दाखवलेली गाडी

सुरतेच्या नवागाममध्ये वर्षाला ‘गाड्यावाली पोर’ म्हणत आणि शोरूममध्ये ‘वर्षाबेन’. दोन्ही नावं तिला आवडत, कारण दोन्ही तिनं स्वतः कमावली होती. बारावी झाल्यावर गल्लीतल्या बाकीच्या मुलींसारखं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायला तिनं साफ नकार दिला आणि अग्रज कंपनीच्या गाड्यांच्या शोरूममध्ये फोन उचलायच्या कामाला लागली. तिथून हळूहळू ती गाड्यांपर्यंत सरकली. गुजराती गिऱ्हाइकाशी ती अशी गुजराती बोले की माणूस विचारी, ‘बेन, तमारुं गाम कयुं?’ अमळनेर म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. आणि दिंडोलीकडचा कुणी खान्देशी आला की तीच वर्षा चप्पल बाजूला सारून अहिराणीत सुरू होई. गाडी दाखवायची कला देवानं तिला दिलीच होती, पण तिनंही ती आळशासारखी ठेवून दिली नव्हती. प्रत्येक नव्या गाडीच्या आसनावर ती स्वतः बसून बघे, डिकीत वाकून बघे, आणि मगच तोंड उघडी.

या सगळ्यावर दिवाळीला पाणी पडायची वेळ आली होती.

झालं होतं असं, की तिच्या मामानं, सुकदेवमामानं, नंदुरबारचं स्थळ आणलं. मुलाचं औषधांचं दुकान, घर चांगलं, मुलगाही वाईट नव्हता. फक्त त्यांचं एक म्हणणं होतं. मुलगी टेस्ट ड्राइव्हला परक्या पुरुषाशेजारी बसून गावभर फिरते, हे त्यांना पटत नव्हतं. साखरपुड्याआधी नोकरी सोडायची. आईला, सरलाबाईंना, पोरीची नोकरी सुटू नये असं वाटत होतं. बापानं मात्र, लोटूआबांनी, एका वाक्यात निकाल लावला, ‘दिवाळीले सोडी दे.’

आबा वाईट माणूस नव्हे. उभी हयात त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात घालवली होती, आणि तिथल्या खडखडाटानं पगारासोबत त्यांचे कान घेतले होते. आता शेजारी फटाका फुटला तर ते ‘काय म्हटलं?’ असं विचारीत. विक्रीचं काम म्हणजे गोड बोलून लोकांच्या गळ्यात काहीतरी मारायचं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यात लेक हुशार. हुशार माणूस खोटं जास्त चांगलं बोलतो, म्हणजे काम आणखीच वाईट. वर्षाला त्यांचा राग येई आणि राग आल्याचं वाईटही वाटे.

तिनं एकच मागितलं. ‘आबा, एक डाव येईसन पहा. मंग तुम्ही म्हणशात तसं.’

लोटूआबा कबूल झाले. त्या रविवारी अग्रजच्या तीन नव्या गाड्यांचं अनावरण होतं आणि गाड्यांची ओळख करून द्यायचा मान पहिल्यांदाच वर्षाकडे आला होता. शोरूमच्या शेठचा हिशेब सरळ होता. नवागाम-दिंडोलीतल्या लूम कामगारांची पोरं आता इच्छापोर-हजीऱ्याच्या कारखान्यांत ठेकेदारी करतात, त्यांच्या हातात चार पैसे खेळतात. पण त्या घरांत म्हाताऱ्यानं मान हलवल्याशिवाय साधं कपाट येत नाही, तिथं गाडी कुठली? हे वर्षानंच शेठना सांगितलं होतं. म्हणून शेठनी म्हाताऱ्यांनाच बोलावलं आणि त्यांना पुढच्या रांगेत, चांगल्या सोफ्यांवर बसवलं. इस्त्रीच्या शर्टांतली, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली ती सगळी माणसं जुन्या खात्यातली. मध्यभागी लोटूआबा, शेजारी सुकदेवमामा. पोरं मागं उभी.

वर्षानं हातात माइक घेतला. अमदावादहून आलेले कंपनीचे साहेब, शेठ, फुगे, रोषणाई, सगळं जिथल्या तिथं होतं. प्रशांत, तिचा जोडीदार विक्रेता, गाड्यांवरची कापडं ओढायला सज्ज.

पहिली टिटवी. ‘बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, लिटरला एकवीस किलोमीटर, सहा एअरबॅग. जमिनीपासून एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर उंच, म्हणजे गल्लीतल्या कुठल्याही गतिरोधकावर पोट घासणार नाही.’ वर्षा गुजरातीत बोलत होती, मध्येच हिंदी. पोरं माना डोलावत होती. मग सारंग. सात जणांची, डिझेलची, शेवटची सीट दुमडली की बाजरीची पोती आणि भरताच्या वांग्यांची टोपली सहज मावेल एवढी डिकी. मधल्या रांगेलाही एसीची हवा, घाटात मागं न सरकण्यासाठी वेगळा ब्रेक. मागून कुणीतरी शिट्टी मारली. कार्यक्रम छान रंगत होता.

पुढची रांग मात्र दगडासारखी. सगळे सभ्यपणे समोर बघत होते, एकाच्याही चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. वर्षाला ते दिसत होतं, पण घोकलेलं भाषण तोंडातून वाहत होतं. भरधाव माणसाला वळण दिसतं, पण हात लगेच वळत नाहीत.

मग तिसरी. नीरव. पूर्ण विजेवर चालणारी, एका चार्जवर चारशे दहा किलोमीटर. सुरतेहून निघालं तर अमळनेर गाठून वर थोडी वीज उरेल. बॅटरीला आठ वर्षांची हमी. आणि कंपनीनं जाड अक्षरांत दिलेला मुद्दा वर्षानं सगळ्यात शेवटी ठेवला होता. प्रशांत आत बसला, त्यानं बटण दाबलं. वर्षा माइकमध्ये म्हणाली, ‘गाडी सुरू झालीय. ऐका. काही ऐकू येतंय?’

तिला टाळ्या अपेक्षित होत्या. पुढची रांग एकमेकांकडे बघू लागली. मग लोटूआबांनी तळहात आडवा करून छातीसमोरून फिरवला. शेजारच्यानं तसाच फिरवला. त्याच्या शेजारच्यानंही. पाहता पाहता अख्ख्या रांगेतून तो आडवा हात फिरला.

कंपनीच्या साहेबांनी शेठना विचारलं, ‘ये लोग मना क्यों कर रहे हैं?’

मनाई नव्हती ती. लूमच्या खात्यात त्या हाताचा अर्थ एकच असे. मशीन बंद पडलं, दुरुस्तीच्या मास्तरला बोलवा. यंत्र चालू असलं की थरथरतं, हे ज्यांच्या हाडात बसलं आहे, त्यांना समोर एक गाडी बटण दाबूनही मेल्यासारखी उभी दिसत होती. आणि ती माणसं बिचाऱ्या पोरीची फजिती होऊ नये म्हणून मदतीला धावली होती. लोटूआबा तर उठलेच. गाडीपाशी गेले, बॉनेटवर पंजा टेकवला, डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी लेकीकडे बघून खेदानं मान हलवली. नाही, पोरी. बंदच आहे. आणि ते परत जागेवर जाऊन बसले.

मागं पोरं हसली. प्रशांतही गाडीत हसला. कानानं गेलेल्या माणसांना शांततेचं कौतुक सांगायचं! वर्षाला भर कार्यक्रमात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बापाचं हसं झालं होतं आणि ते तिच्यामुळं झालं होतं.

तेव्हा तिला कळलं की ही माणसं मघापासून तिच्या चेहऱ्याकडे का बघत होती. ती सगळी तिचे ओठ शोधत होती, आणि ओठांपुढं माइक होता. खात्यात खडखडाटापुढं ओरडून काही उपयोग नसतो. तिथं माणसं आवाज न काढता, ओठ रुंद करून आणि हातांनी बोलतात. लहानपणी आबांचा डबा घेऊन जाता जाता वर्षा ती बोली शिकली होती आणि घरात बापलेक अजून तसंच बोलत. माय वैतागे, ‘काय मुक्यानामायक चालनं तुमनं!’ पण ती घरातली बोली. चारचौघांत, लिपस्टिक लावून, कंपनीच्या कोटात कोण काढणार?

वर्षानं काढली. माइक बॉनेटवर ठेवला, रांगेच्या अगदी समोर आली आणि आवाज न काढता बोलू लागली.

‘चालू शे, आबा. हिनामा इंजिनच नही. पट्टा नही, गिअर नही, तेल नही. घासाले काही नही, म्हणीसन थरथर नही.’ हातानं पट्टा दाखवला, तो तोडून टाकला. बोटांनी दातेरी चाकं दाखवली, तीही फेकली. मग कानाला हात लावला. ‘हाई मशीन कोनाच कान खात नही.’

सोफ्यावरचा एक म्हातारा एकदम सरसावून बसला. दुसऱ्यानं तोंडावर हात ठेवला. अनावरण बघायला आलेल्या त्या माणसांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं, की तुमचं काय गेलं ते मला माहीत आहे.

बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. शेठ घामाघूम झाले. ‘वर्षाबेन, माइक बंद थई गयुं के शुं?’ वर्षानं त्यांना हातानंच थांबा म्हटलं, ही हिंमत तिला कुठून आली कोण जाणे. तिनं बाजूला होत प्रशांतला खूण केली. प्रशांतनं नीरव हळूच हातभर पुढं आणली. थरथर नाही, आवाज नाही, आणि एवढं मोठं यंत्र आपल्या पायांवर चालत आलं. पुढची रांग चटकन पाय वर घेऊन सोफ्यात मागं सरकली आणि मग सगळी लहान पोरांसारखी हसू लागली.

आता प्रश्न सुटले. हातवारे करून, ओठांनी. पावसात झटका बसेल का? नाही बसणार. टिटवीत मागं तीन म्हाताऱ्या माणसांचे गुडघे मावतील का? वर्षा टिटवीत जाऊन बसली, गुडघे दाखवले. दोघांचे मावतील, तिसऱ्याचे हाल. सारंगच्या शेवटच्या सीटवर कोण बसणार? पोरंसोरं, मोठ्यांना बसवू नका, नवापूरच्या पुढं उलट्या होतील. मागं उभ्या पोरांना एक शब्द कळत नव्हता. बाप काय विचारतोय, ते एकमेकांना विचारत होते.

मग लोटूआबांनी विचारलं. पहिल्यांदाच, लेकीच्या कामाविषयी काहीतरी.

‘आपली गल्लीमा हाई चार्ज कोठे करानी?’

हा प्रश्न कंपनीच्या कागदात नव्हता. नवागामच्या गल्लीत मोटारसायकल उभी करायला भांडण होतं. वर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून वायर सोडणार? उत्तर गोड करून सांगता आलं असतं, स्टेशनं होतायत, पुढल्या वर्षी सगळं येईल, वगैरे. साहेब बघत होते. पण ओठांच्या बोलीत खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि समोर बाप होता.

‘नही करता येवाव,’ ती म्हणाली. ‘ज्यास्ना घरले अंगन नही, त्यास्नी आते हाई लेवानी नही. सारंग पहा.’

 लोटूआबांनी मान हलवली, एकदाच, खाली. खात्यात नवा कारागीर कापड बरोबर काढू लागला की ते अशीच मान हलवत, असं सुकदेवमामांनी नंतर सांगितलं.

कार्यक्रम संपला. शेठ आधी रागावणार होते. पण म्हातारे आपापल्या पोरांना दंडाला धरून सारंगपाशी नेऊ लागले तेव्हा त्यांनी रागवायचं पुढं ढकललं. चहा आला, खमण आलं. वर्षा टिटवीच्या दाराशी एका गिऱ्हाइकाला आरसे दाखवत होती, पण तिचे डोळे सोफ्याकडे होते. आबा आता काही बोलतील, घरी जाऊन बोलतील, की बोलणारच नाहीत? 

सुकदेवमामा चहाची बशी सांभाळत लोटूआबांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, ‘मंग दाजी, नंदुरबारवालास्ले काय सांगू? दिवाळीले सोडस ना पोर नोकरी?’

लोटूआबांनी कप खाली ठेवला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, म्हणून बाहेर ते सहसा तोंडच उघडत नसत. आज उघडलं. शेठ वळले, साहेब वळले, टिटवीत बसलेलं गिऱ्हाईकही डोकं बाहेर काढून बघू लागलं.

‘त्या पोऱ्याले सांग, पहिले आठे ये. मन्ही पोर काय बोलस, ते ऐकी जाय. मंग पाहू!’