लालासाहेबांचा फ्लेक्स

आष्ट्याच्या चौकात फ्लेक्स लागला: 'लॅटिन भाषेत जगात पहिले! सुभेदार लालासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली त्यांचा गॉगल लावलेला फोटो.

खरं एवढंच होतं, की साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या लेकीनं, पेन्शनीत निघालेल्या बापाचा वेळ जावा म्हणून, आपलं लॅटिन शिकायचं अ‍ॅप त्यांच्या मोबाईलवर टाकून दिलं होतं. धडा सोडवला की गुण मिळत. दुसरा धडा काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा सुभेदार पहिलाच धडा पुन्हा पुन्हा सोडवत बसले आणि त्या गुणांवर अ‍ॅपच्या शर्यतीत पहिले आले. ते त्यांनी मिशीला पीळ देत पारावर दाखवलं. पोरांनी लगेच फ्लेक्स छापला. नको म्हणायला सुभेदारांची जीभ रेटली नाही.

मग सत्कार झाला. फेटा बांधून नगरसेवकानं माईक पुढं केला, "सुभेदार, दोन शब्द लॅटिनमधी हू द्या!"

सुभेदारांना एकच वाक्य येत होतं. छाती काढून त्यांनी तेच ठोकून दिलं, "आग्रिकोला एक्वो आक्वाम दात!" म्हणजे, शेतकरी घोड्याला पाणी देतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढं बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, राहीबाईनं, मात्र डोळे मिटून हात जोडले.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. "लाला, त्यो मंत्र म्हण की रं एकदा. त्यास्नी बी ऐकू दे."

सुभेदारांनी फेटा उतरवला आणि खाली मान घालून शेतकऱ्याच्या घोड्याला पाणी पाजलं.