पाडव्याच्या चार गोळ्या

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३. पाडवा. नळाला पाणी सकाळी सहाला, पाऊण तास. काशम्माच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, मेडिकल बंद. माझ्यातल्या चार दिल्या. करंज्या नऊ उरल्या.

काशम्मा माझी शेजारीण. चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन तिने बिड्या वळल्या. स्वतः एकही ओढली नाही. तंबाखूच्या धुळीने आणि चुलीच्या धुराने फुप्फुसे गेली. पुढे डॉक्टरांनी सांगितले, फुप्फुसांत रक्त नेणाऱ्या नळ्यांतही दाब वाढला आहे, हृदयाला ते ओझे होते. हा दाब दंडाच्या मशीनवर दिसत नाही. म्हणून रोज वजन, पावलांची सूज पाहणे, मीठ बेताचे, श्वासाचा पंप दोन वेळा. दंडाचे बीपी मीच मोजते आणि लिहून ठेवते.

आमच्या गल्लीत साखर, विरजण, गॅसची टाकी, सगळे उसने चालते. दोघींच्याही गोळ्या बीपीच्याच, म्हणून दिल्या.

शुक्रवारी ती माझ्या दोन पायऱ्या चढली आणि उंबऱ्यावरच बसली. छातीत शिट्टी वाजत होती. बीपी १२६/७८.

"बघा बाई, तुमची गोळी लई भारी की!" हे बोलताना ती तीनदा थांबली. ओठ निळसर दिसले. तिची सून धनलक्ष्मी रिक्षा घेऊन आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "नवीन काही औषध घेतलंत?"

"न्हाय."

मी पिशवीतून डायरी काढली. काशम्माने मला चिमटा काढला. "आत ठेवा की ती वही! तुमाला बोलणी बसतील."

"बसू देत," म्हणून मी पाडव्याचे पान वाचले आणि माझी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "ही तुमच्या हातांच्या थरथरीलाही चालते म्हणून तुम्हाला दिलेली. यांच्या श्वासनळ्या हिने आवळल्या. बीपी उतरलं, दम वाढला. आजी, शिकलेल्या ना तुम्ही?"

बोलणी बसलीच. गोळी बंद झाली, वाफ आणि ऑक्सिजन दिला. पहिले दोन दिवस धनलक्ष्मी माझ्याशी बोलली नाही.

सहाव्या दिवशी काशम्मा घरी आली. "तुमी दिलं म्हणून घेतलं. तुमच्या हातचं विष बी घेतलं असतं."

"तेच तर केलंस."

ती हसली, मग बराच वेळ खोकली.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. काशम्मा घरी. ऑक्सिजन ९१, बीपी १३६/८२. तिच्या गोळ्या महिनाभराच्या आणून तिच्याच डब्यात ठेवल्या. शेंगाचटणी मिठाशिवाय कांडली, दोन वाट्या झाली.