आजोबांनी जर्मन शिकू नये

आता काय सांगू, निवृत्त माणसानं गुमान कुंड्यांना पाणी घालावं. मी जर्मन शिकलो.

मूळ चूक जुनी आहे. आमची केतकी पंधरा वर्षांची असताना तिला जर्मनच्या वर्गाला मीच घातलं. ती कुरकुरायची, "बाबा, माझ्या मैत्रिणींपैकी कुणी नाही शिकत." मी पाटबंधारे खात्यातला कारकून, पण स्वप्नं वरिष्ठ श्रेणीतली. तिला स्कूटरवरून कॉलेज रोडला सोडायचो आणि तास संपेपर्यंत बाहेर उभा राहायचो. ती शिकली आणि थेट जर्मनीलाच गेली. पालकांच्या प्रोत्साहनाचा परिणाम कुणाला बघायचा असेल, तर आमची मधली खोली बघून जावं. तिथे आम्ही आता इस्त्रीचे कपडे ठेवतो.

तिची मुलगी ईरा चौदा वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉल. "आजोबा, तुम्ही जेवली का? आजी कुठे गेला?" एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. पण शब्द शोधताना पोरीला धाप लागायची. म्हटलं, दोन पावलं आपण पुढे जावं.

म्हणून गुपचूप वर्ग लावला. सातपूरच्या कारखान्यांतले तरुण इंजिनिअर आणि त्यांच्यात मी. शिकवणारी मुलगी मला 'काका' म्हणायची आणि माझ्या निम्म्याच चुका दाखवायची. बायको म्हणाली, "माझं मराठीतलं कधी ऐकलं नाहीत. निघाले जर्मन ऐकायला."

तीन महिन्यांनी एका रविवारी घसा साफ केला आणि जर्मनमध्ये माझं नाव, वय, गाव आणि नाशिकचं हवामान सांगितलं. ईरा किंचाळलीच. मग भराभर बोलत सुटली. इतकं मोकळं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कळत काहीच नव्हतं, नुसता चेहरा बघत बसलो. शेवटी तिनं काहीतरी विचारलं. उभ्या नोकरीत मी एकही कागद न वाचता पुढे सरकवला नव्हता. त्या दिवशी सरकवला. म्हणालो, "नाट्यूरलिश." म्हणजे, अर्थातच.

तिनं पडद्याचा मुका घेतला आणि पळाली.

दहा मिनिटांत केतकीचा फोन. "बाबा, कशाला 'हो' म्हणालात, कळलं का?"

"साधारण."

"दर शनिवारी मैत्रिणी पोहायला जातात आणि ही मराठीच्या वर्गाला बसते. का, तर मी सांगून ठेवलंय, आजोबांना दुसरी भाषा येत नाही, तू शिकली नाहीस तर त्यांच्याशी बोलणंच खुंटेल. आज तिनं तुम्हाला विचारलं, आता तुम्हाला जर्मन येतं, तर मी वर्ग सोडू का?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मग तू समजाव ना तिला."

"या वयात आईचं कोण ऐकतं? तुम्ही तरी मला ऐकायला लावलंत, ते स्कूटर होती म्हणून. तिनं तुमचा शब्द धरलाय."

"बरं, पुढच्या रविवारी मी सांगतो."

"कुठल्या भाषेत? जेवणापलीकडचं मराठी तिला अजून येत नाही, आणि हवामानापलीकडचं जर्मन तुम्हाला."

तेव्हापासून ईरा जर्मनमध्येच बोलते आणि मी मान हलवतो. तिचं मोडकं मराठी कानावर पडून चार महिने झाले. मी वर्गाचं दुसरं सत्र लावलंय. शिकवणाऱ्या मुलीला सांगितलं, "बाकी राहू दे. 'बाळा, माझ्याशी मराठीतच बोल गं, मोडकंतोडकं चालेल', एवढं मला शुद्ध जर्मनमध्ये म्हणता आलं पाहिजे."

ती म्हणाली, "काका, विनंती तिसऱ्या सत्रात आहे."