मनावर घातलेलं ओझं

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात एक वाक्य असतं. "प्रभूनं माझ्या मनावर तुमचं ओझं घातलंय." म्हणजे तुमच्यासाठी प्रार्थना करावी असं मला आतून फार वाटतंय. लहानपणी मला हे वाक्य आवडायचं. आईला पक्षाघात झाला आणि ते मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की आता कुणी नुसतं 'ओझं' म्हटलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आई प्राथमिक शाळेत बाई होती, आणि रविवारी चर्चमधल्या मुलांची रविवारशाळा घ्यायची. आजारात तिची उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. मी उरणच्या कंटेनर गोदामातली नोकरी सोडून नागावला आले. आई अंगानं भरलेली. तिला ठरावीक वेळानं या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. एकटीनं ते होत नसे. शेजारच्या नारळाच्या वाडीतल्या वहिनी हातातलं काम टाकून यायच्या. पर्यटकांना खोल्या देण्याचा त्यांचा व्यवसाय, घरात पाहुण्यांची रांग, तरी यायच्या. त्यांची मुलं आईच्या हाताखाली शिकली होती, एवढंच नातं.

आणि दर गुरुवारी आमच्याकडे प्रार्थनासभा भरायची. पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, मंडळीचे म्हणजे चर्चच्या सभासदांचे सेक्रेटरी, बाया, पुरुष. खुर्च्या वहिनींकडून आणायच्या, चहा मी करायचा. गीतं व्हायची, डोळे मिटले जायचे, आणि एकेकाच्या मनावरचं ओझं बाहेर निघायचं. एकदा एक बाई ओझ्यानं अगदी रडवेल्या झाल्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, थोडं हातावरपण घ्या. ही बाजू धरा, आईला वळवायचंय." त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी कंबर कामातून गेलीय गं." मग मी वहिनींना हाक मारली.

पावसाळा संपता संपता आईनं एक शब्द धरला. "मेज." सकाळी मेज, जेवताना मेज. वहिनींनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीतलं टेबल उचलून आईच्या खाटेजवळ आणून ठेवलं. वर स्वच्छ पंचा अंथरला. "घ्या बाई, तुमचं मेज." आईनं टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकड्या तोंडानं इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

तिला प्रभूचं मेज हवं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळे एकत्र भाकर आणि द्राक्षरस घेतात, ते प्रभुभोजन. पाळकसाहेब घरी आणून द्यायला तयार होते, पण आईनं मान हलवली. तिला सगळ्यांच्या पंगतीत बसून हवं होतं. मी वहिनींना हे समजावलं तर त्या म्हणाल्या, "मग नेऊ या की. त्यात काय हाय?"

त्यात पायऱ्या होत्या. आमचं चर्च तालुक्याच्या गावी, उंच जोत्यावर. मी सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं, पहिल्या रविवारी आईला आणतेय, खुर्ची वर चढवायला चार माणसं लागतील. ते म्हणाले, "या, या. प्रभू मार्ग काढील." प्रभूनं काय काढायचा? चार माणसांनी काढायचा होता. पक्षाघात झालेल्या माणसाला त्याच्या चार दोस्तांनी छप्पर उचकटून येशूपुढे खाली सोडलं, ही गोष्ट आईनं याच मंडळीच्या पोरांना रविवारशाळेत शिकवली होती. तीच पोरं आता खुर्चीला हात लावायच्या वयाची होती.

वहिनींचे यजमान नारळ वाहायचा टेम्पो धुऊन घेऊन आले. आईला खुर्चीसकट आत ठेवलं, मी आणि वहिनी दोन्हीकडून धरून बसलो. आईनं पांढरं पातळ नेसवून घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. आत प्रार्थना सुरू झाली होती आणि लाउडस्पीकरवरून पाळकसाहेबांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. प्रार्थना चालू असताना जागचं हलायचं नाही, ही आमची शिस्त. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. मी स्वतः पाहिलं.

मग ऐकू आलं, "हे दयाळू पित्या, आमची वृद्ध भगिनी, जी आज तुझ्या मंदिरात येऊ शकत नाही, तिचं ओझं आम्ही तुझ्या चरणी ठेवतो." पायऱ्यांच्या खाली, उन्हात, त्या भगिनीला वहिनी पदरानं वारा घालत होत्या. प्रार्थना संपली. आत सगळे आमेन म्हणाले, आणि खाली आईही म्हणाली, "आमेन." इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत आला नव्हता.

"चला, देवाला कळवलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आता आपण उचलू."

वहिनी, त्यांचे यजमान आणि मी. चौथा हात नव्हता, त्यामुळे खुर्ची एका बाजूला कलत होती. शेवटच्या पायरीवर दारातला माणूस धावत आला आणि त्यानं खुर्चीच्या पाठीला बोटं टेकवली. आत एकच गहिवर. "आत्ता मागितलं आणि आत्ता प्रभूनं ऐकलं!" सेक्रेटरी मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंखुरं. त्याचाच मला जास्त राग आला.

भाकरीचं ताट फिरत आलं. आईनं डाव्या हातानं तुकडा घेतला, बोटांत दाबून त्याचा अर्धा केला, आणि शेजारी टेकलेल्या वहिनींपुढे धरला. वहिनींनी तो उजव्या तळव्यावर घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि प्रसादासारखा तोंडात टाकला. पुढच्या बाकावरच्या माना वळल्या. बाप्तिस्मा न झालेल्या माणसानं ते खायचं नसतं. वहिनींना माहीत नव्हतं, आईला पक्कं माहीत होतं.

त्या गुरुवारी जरा जास्तच लोक आले. चहा होण्याआधीच पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूनं मंडळीच्या मनावर एका गोष्टीचं ओझं घातलंय." ओझं म्हणजे तो अर्धा तुकडा. मी शेजारणीला समज द्यावी, आईनं पश्चात्तापाची प्रार्थना करावी, आणि त्या अजाण बाईसाठी आपण सर्वांनी क्षमा मागावी. आई छताकडे बघत पडली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हात पुसत वहिनीच दारात आल्या. त्यांची वेळ झाली होती.

"बरं झालं सगळी हायत," त्या म्हणाल्या. "बाईंना वळवायचं हाय. दोघं-तिघं या इकडं."

"आपण प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

आम्ही दोघींनी आईला उचललं. पाठीखाली हात घालताना वहिनींच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं. आईला कुशीवर केलं, उशी लावली. मग त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कुणासाठी चाललंय?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

"माझ्यासाठी?" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "किती चांगली माणसं हो, ताई. मग त्यांना सांगा, माझ्या कमरेचंपण मागा म्हणावं. रोज बाईंना उचलून उचलून धरलीय मेली."